न्हाणीची फरशी

घर पाहायला आलेल्या पाहुण्याला कोणी न्हाणी दाखवीत नाही. त्याला ओसरी दाखवितात, माजघर दाखवितात, माडीच्या खिडकीतून दिसणारा डोंगर दाखवितात. न्हाणी बिचारी परसदारी एका कोपऱ्यात अंग चोरून बसलेली असते. तरीही घरातील प्रत्येक माणूस रोज तिच्यात अनवाणी पाऊल टाकतो. तेथे तो एकटा असतो. अंग ओले असते, डोळ्यांत साबण गेलेला असतो आणि आधाराला भिंतीवाचून दुसरे काही नसते. म्हणून घरातील इतर कोणत्याही जमिनीपेक्षा न्हाणीची जमीन अधिक विश्वासाची असावी लागते.

कोरेगाव हे सातारा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. गावाजवळून तीळगंगा वाहते आणि पश्चिमेस जरंडेश्वराचा डोंगर उभा आहे. या गावातील एका जुन्या घराची ही हकिकत. घराच्या भिंती दगडमातीच्या, खांब सागवानी आणि माडी कडीपाटाची. घरात दोन लहान न्हाण्या होत्या. एक खाली परसाकडे, दुसरी मागाहून माडीवर काढलेली. प्रत्येकीची लांबी पाच फूट आणि रुंदी चार फूट. खालच्या न्हाणीत घर बांधले तेव्हापासूनच्या काळ्या दगडाच्या फरश्या होत्या. चार पिढ्यांच्या पायांनी त्या घासून गुळगुळीत झाल्या होत्या, आणि मधोमध खचल्यामुळे तेथे पाणी साचून राही. माडीवरच्या न्हाणीत सिमेंटची जमीन होती. तिला भेगा पडल्या होत्या, आणि त्यांतून झिरपलेल्या पाण्याने खालच्या तुळईवर काळा डाग उमटला होता.

एका श्रावणात घरातील आजी खालच्या न्हाणीत पाय घसरून पडल्या. हाड मोडले नाही. मनगट सुजले आणि पंधरवड्यात बरेही झाले. पण मनातली भीती ओसरली नाही. त्यापूर्वी आजी पहाटेच उठत, स्वतः बंब पेटवीत आणि घर जागे होण्यापूर्वी त्यांची आंघोळ आटोपलेली असे. आता त्यांना सुनेला उठवावे लागे. सून आनंदाने उठे, सासूबाईंचा हात धरून त्यांना न्हाणीत नेई आणि दाराबाहेर उभी राही. त्या सेवेत काही उणे नव्हते. तरी आजी पूर्वीसारख्या बोलत नाहीशा झाल्या. पडल्याचे त्यांना तेवढे दुःख नव्हते. आपल्या आंघोळीसाठी दुसऱ्याची झोप मोडावी लागते, हे त्यांना सलत होते.

दोन्ही न्हाण्यांना नवी फरशी घालायची, असे घरात ठरले. घरातील कर्ते गृहस्थ साताऱ्याला जाऊन नमुने घेऊन आले. अंगणात ते ओळीने मांडले गेले. पहिली पांढरीशुभ्र, चकचकीत लादी. दुसरी तशीच, पण खरखरीत पाठीची आणि आकाराने लहान. तिसरी करड्या रंगाची शहाबादी फरशी. चौथा नमुना आणावा लागलाच नाही; तो न्हाणीतच होता, घराचा जुना काळा दगड.

एका अंगणात किती दूरदूरची माती आणि दगड एकत्र आले होते! काळा दगड हा इथलाच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटातून निघालेला लाव्हा थराथरांनी पसरला व थिजला. त्यातूनच सह्याद्री आणि दख्खनचे पठार घडले. शहाबादी फरशी मात्र कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादची. तो चुनखडीचा दगड आहे आणि तो खाणीत मुळातच थरांनी असतो. त्यामुळे त्याच्या सपाट फरश्या सहज निघतात. १८७१ साली मुंबईकडून आलेला लोहमार्ग रायचूर येथे मद्रासच्या लोहमार्गाला मिळाला. शहाबाद याच मार्गावर असल्यामुळे तेथील दगडाला महाराष्ट्राची वाट मोकळी झाली. लाद्या भट्टीतल्या. गुजरातमधील मोरबी येथे त्यांचे शेकडो कारखाने आहेत. तेथे निवडलेली माती साच्यात दाबून सुमारे अकराशे-बाराशे अंश सेल्सिअस उष्णतेत भाजतात.

पांढरी लादी सर्वांच्या मनात भरली. "खोली लहान आहे, ती उजळ दिसेल," असे गृहस्थ म्हणाले. "पुसायलाही सोपी," असे त्यांच्या पत्नीला वाटले. घरातील सातवीत शिकणारी मुलगी मात्र म्हणाली, "पण ह्या सगळ्या कोरड्या आहेत. न्हाणीत फरशी कोरडी कुठे असते?"

बोलणे सर्वांना पटले. मुलीने विहिरीच्या पाण्यात साबण कालवला आणि ते पाणी चारही नमुन्यांवर ओतले. विहिरीचे पाणी जड होते. अशा पाण्यात चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. साबणाशी त्यांचा संयोग झाला की फेस कमी येतो आणि एक चिकट साय तेवढी मागे राहते. गृहस्थांनी भिंतीला धरून एकेका नमुन्यावर पाय ठेवून पाहिला. पांढऱ्या लादीवरून त्यांची टाच सर्रकन सरकली. जुना काळा दगडही तितकाच निसरडा निघाला. शहाबादी फरशीने पाय थोडा धरला. खरखरीत लादीवर पाऊल ठेवताच ते जागीच थांबले.

यामागचे कारण सोपे आहे. गुळगुळीत पृष्ठभागावर पाण्याचा पातळ पापुद्रा पसरतो, आणि पाय फरशीवर न टेकता त्या पापुद्र्यावर टेकतो. खरखरीत पृष्ठभागावर मात्र पाणी बारीक खळग्यांत उतरते आणि उंचवट्यांना पायाचा तळवा भिडतो. लाद्या लहान असल्या तर त्यांचे सांधेही अधिक होतात, आणि प्रत्येक सांध्याशी पायाला थोडी अटक मिळते.

परंतु खरखरीत फरशीला एक खोड असतेच. तिच्या खळग्यांत मळ बसतो. "घासायची कोणी?" असे गृहिणीने विचारले, आणि तो प्रश्न काही गैर नव्हता. आजवर दोन्ही न्हाण्या त्या एकट्याच घाशीत आल्या होत्या. क्षणभर कोणी बोलले नाही. मग गृहस्थ म्हणाले, "आठवड्याचे वार वाटून घेऊ. रविवार माझा." शहाबादी फरशीचीही एक अडचण निघाली. आम्लाने चुनखडी झिजते. लिंबाचा रस त्या फरशीवर सांडून राहिला तरी फिकट डाग पडतो. मग न्हाणी धुण्यासाठी लोक तीव्र आम्ल वापरतात, त्याने काय होईल हे सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी गवंडी आले. त्यांनी नमुन्यांकडे पाहिलेही नाही. आधी माडीवर जाऊन तुळईवरचा काळा डाग त्यांनी बोटाने टोकरला. लाकूड अजून वरवरच कुजले होते. ते म्हणाले, "वर दगड घालू नका. एक इंच जाडीची शहाबादी चौरस फुटाला सहा किलोच्या आसपास भरते. वीस चौरस फुटांचे किती होतात ते तुम्हीच पाहा. लादी दीड किलोत भागते. आणि फरशी कोणतीही घाला, खाली पाणी अडवणारा थर नसेल तर ही तुळई काही वर्षांची सोबती." मग त्यांनी ढाळाची गोष्ट सांगितली. पाच फूट लांबीला एक इंच उतार द्यावा, म्हणजे पाणी साचत नाही आणि चालणाऱ्याला उतार जाणवतही नाही.

गवंड्यांचे हे ज्ञान फार प्राचीन आहे. सिंधू नदीच्या काठी मोहेंजोदडो हे नगर इ. स. पू. २६०० ते १९०० या काळात नांदत होते. तेथील अनेक घरांत स्नानासाठी वेगळी जागा आढळली आहे. तिची जमीन एकमेकींना घट्ट भिडवलेल्या भाजक्या विटांची असून, सांडपाणी गटाराकडे जावे म्हणून तिला उतार दिलेला आहे. तेथील प्रसिद्ध मोठ्या स्नानकुंडातून पाणी झिरपू नये म्हणून बांधकामात नैसर्गिक डांबराचा थर वापरला होता. चार हजार वर्षांपूर्वीचा कारागीर आणि कोरेगावचा गवंडी यांना एकमेकांची भाषा कळली नसती. पण ढाळ आणि थर या दोन गोष्टींवर त्यांचे लगेच एकमत झाले असते.

माडीचा निर्णय झाला. तेथे पाणीरोधक थर घालून वर लहान, खरखरीत लाद्या बसवायच्या. खालच्या न्हाणीतही त्याच घालाव्यात, असे सर्वांच्या बोलण्यात आले. इतका वेळ जात्याजवळ बसून ऐकत असलेल्या आजी तेव्हा म्हणाल्या, "जाते गुळगुळीत झाले म्हणून कोणी ते टाकून देते का? त्याला टाकी लावतात. मग फरशीला का लावू नये?"

गवंडी हसले आणि त्यांनी मान डोलावली. काळा दगड झिजला होता, पण कुठे तडकला नव्हता. आम्लाचेही त्याला फारसे भय नव्हते. दोन दिवस परसात छिन्नी-हातोड्याचा आवाज घुमत राहिला. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही म्हणतात. या फरश्यांना देवपण नको होते, धरून ठेवण्याचा गुण तेवढा हवा होता, आणि तो त्यांना परत मिळाला. खालची जमीन चोपून, ढाळ धरून त्या पुन्हा बसविल्या. भिंतीला हातभर उंचीवर एक भक्कम लोखंडी दांडी लावली. माडीवर थर घातल्यावर मोरीचे तोंड बंद करून एक दिवस पाणी भरून ठेवले. खाली तुळई कोरडी राहिली, तेव्हाच लाद्यांना हात घातला.

सांधे पक्के होईपर्यंत आठवडा गेला. त्यानंतर एका पहाटे गृहिणीला नेहमीच्या वेळी जाग आली. हाक आली नव्हती. उठून त्या माजघरापर्यंत आल्या आणि तेथेच थांबल्या. परसाकडून बंबाच्या धुराचा वास येत होता, आणि न्हाणीतून तांब्याने अंगावर पाणी घेतल्याचा संथ आवाज ऐकू येत होता. त्या पाऊल न वाजवता परत फिरल्या.