तिसरी बाटली

आमच्या घरात पाणी तीन जागी असतं. दारातल्या नळात, मोरीजवळच्या निळ्या ड्रममध्ये आणि आजीच्या रांजणात.

नळ म्हणजे नावाला नळ. पाचव्या दिवशी येतो, कधी सातव्या. आला की अर्धा-पाऊण तास, तोही रात्री-बेरात्री. डाळ मिलमध्ये माझी रातपाळी असली तर बहीण उठते. ड्रम भंगारातून घेतलेला, दोनशे लिटरचा. वरचा कागद कोणीतरी खरडून काढलेला. आधी त्यात काय भरून आलं होतं ते विचारायचं नाही. साऱ्या वस्तीत तसेच ड्रम. आणि रांजण आजीचा. आजी त्यात गडवा बुडवते, मनगटापर्यंत हात आत, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी देते. पाणी देताना तिच्या तोंडावर जे समाधान असतं ते मी कुठल्या शेठजीच्या तोंडावर पाहिलं नाही.

मागच्या पावसाळ्यात बहिणीच्या पोरीला कावीळ झाली. सहा वर्षांचं लेकरू. डोळे हळदीसारखे, अन्नाकडे पाहीना. आजीनं कुठूनशी काविळीची माळ आणून गळ्यात घातली. डॉक्टरनं आधी माळेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, पाण्यातून झालंय. महिन्याभरानं पोरगी उठून बसली, पण तोवर गल्लीतली आणखी चार लेकरं पिवळी पडली होती. माझं डोकं सटकलं.

आमचं पाच-सहा पोरांचं टोळकं आहे. जयंतीची वर्गणी आम्हीच गोळा करतो, विहारातली पुस्तकांची पेटीही आमच्याच ताब्यात. ठरलं, मोर्चा काढायचा. घोषणा मी लिहायच्या. कवी म्हटल्यावर माझ्या वाट्याला तेच येतं.

आमच्यातला एकजण कॉलेजात शिकतो. तो म्हणाला, नुसत्या घोषणांनी साहेब हलत नाही, पुरावा पाहिजे. त्यानं तीन लहान बाटल्या आणल्या. आत औषध लावलेला कागद. पाणी भरायचं, बूच लावायचं, एक-दोन दिवस ठेवून द्यायचं. पाण्यात गू मिसळला असेल तर त्यातले जंतू आत वाढतात, वायू सोडतात आणि बाटली काळी होते. यंत्र नको, साहेबाची सही नको. अडाणी माणसालाही वाचता येईल असा निकाल.

रात्री दीडला नळ आला. पहिली बाटली भरली पहिल्या धारेची. दुसरी, वीसेक मिनिटं पाणी वाहून गेल्यावरची. तिसरी उरली होती म्हणून रांजणातली भरली.

दुसऱ्या दिवशी पाळीवरून आलो तर पहिली काळी ठिक्कर. मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू? लेकरं आजारी पडली त्याचा पुरावा हातात आला याचा आनंद. दुसरी दोन दिवस झाले तरी जशीच्या तशी. आणि तिसरी काळी.

संध्याकाळी विहारात बसलो. एकजण म्हणाला, "तिसरी फेकून दे. पहिलीच ने." दुसरा म्हणाला, "रांजणाची दाखवली त साहेब काय म्हनन? तुमीच लोकं घानेरडे, आमचं पानी साफ हाय." त्याचं खोटं नव्हतं. आपल्याला घाणेरडं म्हणायला ही व्यवस्था टपूनच बसलेली. आपण आपल्या हातानं तिला बाटली नेऊन द्यायची?

मला त्या रात्री झोप लागली नाही.

मित्रांनो, विटाळ म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर पाणी प्यायले. मुंबई कौन्सिलात बोले यांचा ठराव १९२३ सालीच झाला होता, महाडच्या नगरपालिकेनं १९२४ साली तळं खुलंही केलं होतं. कागदावर. माणसं प्यायली तेव्हा मात्र तळं बाटलं. मग शुद्धी. दूध, दही, शेण, गोमूत्र तळ्यात घालून, १०८ घागरी पाणी काढून ते तळं शुद्ध झालं! आज वाटतं, त्या दिवशी तिथं दोन बाटल्या असायला हव्या होत्या. एक आपली माणसं पिऊन गेल्यावरची, एक शेण घातल्यावरची. कोर्टात खटला चालून हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं यायला १९३७ उजाडलं. बाटलीला दोन दिवस पुरले असते.

आपल्या वऱ्हाडातही हेच. डॉ. पंजाबराव देशमुख १९२८ मध्ये अमरावतीच्या जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. पण खुली विहीर आणि खेड्यातली विहीर यांत फार अंतर असतं. आजी अकोटकडच्या खेड्यातली, खारपाणपट्ट्यातली. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांतली ८९४ गावं या पट्ट्यात धरतात. जमिनीखालचं पाणीच खारट. साबणाला फेस येत नाही, तहान भागत नाही. उकळून मीठ जात नाही, उलट पाणी आटून ते वाढतं. किडनीच्या आजाराची तिकडे कित्येक वर्षांची ओरड आहे. पुढं वान धरणावरून ८४ खेडी योजनेचं पाणी आलं, पण आजीच्या लहानपणी ते कुठलं? गावात गोड्या पाण्याची विहीर एकच. ती आपली नव्हती.

आणि अमरावती जिल्ह्यातच, मेळघाटातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीला, जुलै २०२२ मध्ये काय झालं? वीजबिल थकलं म्हणून पाणीयोजनेची लाइन कापली. कोरकू माणसं उघड्या विहिरीचं गढूळ पाणी प्यायली. हगवणीनं घरंच्या घरं आडवी झाली, माणसं दगावली. तिथं कोणी कोणाला शिवू नको म्हटलं नव्हतं. फक्त बटण बंद केलं.

सकाळी मी आणि तो कॉलेजवाला नळाच्या पाइपमागं चालत गेलो. आमच्या दारातून पाइप निघतो तो थेट नालीत. तिथं एक नाही, चाळीस पाइप. सापांचा गुंता पडावा तसे. सांध्यांवर सायकलचं ट्यूब गुंडाळलेलं. हे कोणी टाकले? आम्हीच. मोठी लाइन वस्तीच्या तोंडाशी संपते. पुढचं ज्याचं त्यानं बघावं. रस्ता फोडायला पैसे लागतात, नाली फुकट. त्यानं मला समजावलं. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो, आणि रिकामा पाइप फटीतून नाली ओढून घेतो. नळ येतो तेव्हा पहिल्या धारेला तीच नाली घरात येते. वर आम्ही टुल्लू पंप लावतो. शेजाऱ्याला पाणी मिळू नये म्हणून नाही, त्यानं लावला म्हणून. मग ओढ आणखी वाढते.

टुल्लूची दुसरी कथा. आमच्या पंपाला पिन नव्हती. दोन उघड्या तारा, आगकाडीच्या काड्यांनी सॉकेटात दाबलेल्या. ही इंजिनीअरिंग माझी. बहीण ओल्या फरशीवर उभी, हातात पाइप, पंपाच्या बॉडीत करंट उतरला. ती मागं फेकली गेली, म्हणून वाचली. चिकटली असती तर? सहा महिने मी रोज त्या तारा पाहत होतो. आता पिन आहे, अर्थिंग आहे, आणि बहीण पंपाला हात लावण्याआधी चपला घालते. अशा कितीतरी घरांत अजून काड्याच आहेत. आपण संविधानावर व्याख्यानं ठेवतो, एखादा रविवार वायरमनला बोलवावं.

पण तिसरी बाटली का काळी झाली? हात हे अर्धं उत्तर. नळाला चांगलं पाणी येत असलं तरी त्याच्या राखणीला क्लोरीन लागतं. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरलं पाहिजे असं आपल्या देशाचं मानक सांगतं. ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले की पाणी पिवळं होतं, म्हणजे राखण आहे. तेच पाणी ड्रममध्ये बसलं की राखण उडून जाते. मग बोट बुडालं, पेला बुडाला, झालं. आठवड्यात ड्रम घासून कोरडा केला नाही तर डेंगीचा डास तिथंच वाढतो. पण पाणी सातव्या दिवशी येणार असेल तर सहाव्या दिवशी ड्रम रिकामा करायला कोण धजेल? ज्याच्या घरी रोज नळ येतो त्याच्या घरी रांजणच नाही. तो काय हात बुडवणार? म्हणून तिसरी बाटलीसुद्धा मोर्चाचीच होती.

तिन्ही नेल्या. साहेबानं तिसरीच उचलली. "ही घरातली ना?" मी म्हणालो, हो. घरात पाच दिवस पाणी कोणी भरायला लावलं तेही लिहा. त्यानं काही लिहिलं नाही. मोठी लाइन वस्तीत घेण्याचा अर्ज पडून आहे. चौघांनी वर्गणी काढून आपले पाइप नालीतून वर उचलले, बाकीचे अजून तिथंच.

आजीचं मात्र अवघड झालं. दवाखान्यातली बाई घरी येऊन सांगून गेली होती, आजी, पाण्यात हात घालू नका, दांडीचं वगराळं घ्या, वरून ओता. बाई भली होती. ती गेल्यावर आजी मला म्हणाली, "काहून रे, माह्या हातानं पानी बाटते म्हन्ते का थे?"

मी म्हणालो, "आजी, साऱ्यांच्याच हातानं होते. साहेबानं हात घातला तरी बाटली काळी होईन."

"मंग जाय, साहेबाले सांग." मग बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "आमी इहिरीवर बसून राहो. कोनाले दया आली त तो वरून पानी घाले. आमची ओंजय खाली, त्याचं भांडं वर. आता मीच माह्या घरात वरून घालू?"

मी बाजारातून वगराळं आणलं. पंधरा दिवस ते खिळ्याला लटकलेलं. मीही काही बोललो नाही. पोरीला आठवड्यात दुसऱ्यांदा ढाळ लागली त्या दिवशी तिनं ते काढून धुतलं.

आता आजी वगराळ्यानं पाणी काढते, गडव्यात ओतते आणि गडवा माणसाच्या हातात देते. कोणाच्या ओंजळीत वरून पाणी घालत नाही.