जुन्या पेटीची पारख

जुनी पेटी पाहायला गेलो की मी आधी झाकण उघडायला लावतो. बाहेरची शिसवी चकाकी फसवी असते. पेटीचे मोल आतल्या सुरांत. पॅरिसच्या कासरिएलचे, जर्मन ज्युबिलेटचे, आपल्या पालिताण्याचे, प्रत्येक सुराचा आवाज निराळा. मग सुराची पितळी जीभ भिंगातून पाहायची. ती टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. फार कानस फिरलेली जीभ फार दिवस टिकत नाही.

१९४० साली रेडिओने पेटीला बंदी घातली. पण आमच्या बेळगाव-निपाणीकडच्या मराठी-कानडी भजनांतून ती हटली नाही. बेळगावात पं. रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांनी तर तिच्यावर शिष्यांच्या पिढ्या घडवल्या. अशा भागातल्या पेट्यांचे परदेशी सूर काढून घेऊन खोके सरपणात टाकलेले मी पाहिले आहे.

निपाणीच्या एका आजींनी पेटी देताना एवढेच विचारले, "कपाटात ठेवणार, का वाजवणार रे?" संग्राहकाला हा प्रश्न टाळता येत नाही. न वाजवलेल्या पेटीचे कातडे कडक होते, सूर चिकटतात. म्हणून माझ्या पाचही पेट्या आळीपाळीने भजनी मंडळांकडे असतात. थोड्या झिजतात, चालायचेच.