परमुलखांतील पहिलें घर

सन २००९ सालीं शिक्षकाच्या नोकरीनिमित्त आम्ही उभयतां नैरोबीस गेलों, व आमचें पहिलें स्वतंत्र बिऱ्हाड तेथेंच थाटलें. विषुववृत्ताजवळच्या त्या शहरीं जुलैंत लोंकरीचे कपडे लागतात, याचें नागपूरच्या उन्हांत वाढलेल्या आम्हांस नवल वाटलें. पण तें शहर सुमारें ५,५०० फूट उंचीवर आहे. भांडीं मांडलीं, पडदे लावले, तरी घर धर्मशाळेसारखेंच वाटे.

एकदां शेजारच्या बाईंनीं दुसऱ्या दिवशीं दहा वाजतां येण्याचें स्वाहिली भाषेंत कबूल केलें. सकाळीं चहा करून आम्ही वाट पाहिली. कोणी आलें नाहीं. 'परक्यांस येथें कोण विचारतो?' असें म्हणून दार लावून घेतलें. मग घरांत कोणी कोणाशीं बोललें नाहीं.

दुपारीं चार वाजतां "होडी!" अशी दारांतून हांक आली. झांकलेली ताटली घेऊन बाई उभ्या होत्या. स्वाहिली भाषेंत तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात तो त्यांचा एक, आणि दुपारचे चार ते दहा, हें तेव्हां उमजलें! ताटलींत चपात्या होत्या. हिंदुस्थानांतून गेलेल्या लोकांबरोबर तेथें पोहोंचलेला तो शब्द त्यांच्या भाषेंतहि 'चपाती'च आहे.

"करीबू," म्हणजे 'या', असें आम्हीं त्या दारांत प्रथमच म्हटलें. त्या दिवसापासून तें घर आमचें झालें. मुलांनो, दुसऱ्यानें आपणांस टाळलें असें ठरविण्यापूर्वीं, त्याचा दिवस कोठून सुरू होतो हें अवश्य विचारावें.