पाणी, पाळी आणि पिंग

घरातील नेटवर्कवर मित्रांचा ऑनलाइन खेळ भरवणे हे वरवर पाहता उपकरणे जोडण्याचे काम वाटते. तथापि ते जो नियमाने करतो, त्याच्या लेखी हे मुख्यतः यजमानपणाचे काम असते. खेळाचे जग ज्या संगणकावर चालते, त्याला सर्व्हर म्हणतात, आणि इतर खेळाडूंचे संगणक सेकंदाला अनेकदा आपापली हालचाल त्याला कळवून जगाची ताजी स्थिती परत घेत राहतात. ही देवघेव सुरळीत चालायची, तर बाहेरून येणाऱ्याला घर सापडले पाहिजे आणि त्याचा निरोप वेळेवर पोचला पाहिजे. जळगाव-धुळ्याकडील घरांत मात्र खेळ अडखळू लागला, की पहिली चौकशी प्लॅन किती एमबीपीएसचा आहे याची होते, आणि ज्या दोन गोष्टींवर सगळे अवलंबून असते, त्यांच्याकडे कोणी पाहत नाही.

एके काळी या दोन्ही गोष्टींची फिकीर करावी लागत नसे. ‘डूम’ हा खेळ 1993 मध्ये आला, तेव्हापासून जवळजवळ ठेवलेले संगणक केबलने जोडून एकत्र खेळण्याची रीत जगभर रुळली. पुढे ‘काउंटर-स्ट्राइक’ आणि ‘एज ऑफ एम्पायर्स’ यांनी ती आपल्याकडील कॉलेजांच्या हॉस्टेलांत आणि सायबर कॅफेंत आणली. एका खोलीतील अशा जाळ्याला लॅन म्हणतात, आणि त्यात सर्व्हर शोधावाही लागत नाही व निरोपाला उशीरही होत नाही. परंतु खान्देशातील मुले शिक्षण संपताच पुणे, नाशिक, सुरत अशा वाटांना लागतात, आणि एका बाकावरची मित्रमंडळी चार शहरांत विखुरते. अशा मंडळींना कंपनीच्या सर्व्हरवर खेळता येते हे खरे. पण 2 सप्टेंबर 2020 रोजी ‘पबजी मोबाइल’वर बंदी आली, आणि तिच्या जागी आलेला ‘बीजीएमआय’ही 28 जुलै 2022 रोजी अ‍ॅप स्टोअरवरून उतरवला जाऊन थेट मे 2023 मध्ये परतला, तेव्हा दुसऱ्याच्या अंगणातला डाव कधी मोडेल याचा नेम नसतो हे सर्वांना कळून चुकले. ‘माइनक्राफ्ट’सारख्या खेळाचा सर्व्हर स्वतःच्या घरी ठेवण्याचे आकर्षण यातूनच वाढते.

घर सापडण्याची अडचण पत्त्यांच्या टंचाईतून निर्माण झाली आहे. इंटरनेटवरील जुन्या पद्धतीचा पत्ता, म्हणजे आयपीव्ही4, 32 बिटांचा असल्याने असे पत्ते सुमारे 430 कोटींपलीकडे असूच शकत नाहीत, आणि आशिया-पॅसिफिक विभागाचा मोकळा साठा एप्रिल 2011 मध्येच संपत आला. यावरचा तोडगा म्हणून एकाच सार्वजनिक पत्त्यामागे घरातील सर्व उपकरणे ठेवली जातात, आणि आतल्या 192.168 ने सुरू होणाऱ्या खासगी पत्त्यांची अदलाबदल राउटर करतो. या अदलाबदलीला नॅट म्हणतात. घरातून बाहेर गेलेल्या निरोपाचे उत्तर राउटर बरोबर आत आणतो, मात्र बाहेरून आपणहून आलेला निरोप कोणाला द्यावा हे त्याला ठाऊक नसल्याने तो टाकून देतो. म्हणून राउटरला आधी सांगून ठेवावे लागते, की 25565 या पोर्टवर, म्हणजे ‘माइनक्राफ्ट’साठी नेमलेल्या दारावर, जे येईल ते अमुक संगणकाकडे पाठवावे. यालाच पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात, आणि ते टिकावे यासाठी त्या संगणकाचा आतला पत्ता राउटरमध्ये कायम करून घ्यावा लागतो, अन्यथा लाईट जाऊन आल्यावर पत्ता बदलतो आणि दार भलत्याच उपकरणावर उघडते.

एवढे करूनही मित्राला सर्व्हर दिसत नाही, असा अनुभव आता सर्रास येतो. त्यामागचे कारण राउटरच्या पानावर एका ओळीत वाचता येते. वॅन या नावाखाली दिसणारा बाहेरचा पत्ता 100.64 पासून 100.127 पर्यंतच्या पट्ट्यातला असेल, तर सेवा पुरवणाऱ्या कंपनीने स्वतःकडेच आणखी एक नॅट बसवून अनेक ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे ठेवलेले असते. हा पट्टा एप्रिल 2012 मध्ये त्याच कामासाठी राखून ठेवण्यात आला. अशा घरात पोर्ट फॉरवर्डिंगवर रात्र घालवणे म्हणजे वाड्याचा दिंडी दरवाजा बंद असताना खोलीचे दार उघडे ठेवून पाहुण्याची वाट पाहणे होय. त्यावर चार मार्ग आहेत: कंपनीकडून जादा पैसे भरून स्थिर सार्वजनिक पत्ता घेणे, दोन्ही टोकांना सोय असल्यास 128 बिटांचा नवा आयपीव्ही6 पत्ता वापरून राउटरच्या फायरवॉलमध्ये त्यापुरती वाट मोकळी करणे, झीरोटियर किंवा टेलस्केल यांसारख्या सॉफ्टवेअरने सर्व मित्रांचे संगणक एका आभासी लॅनमध्ये आणणे, अथवा सर्व्हर भाड्याने घेणे. यांपैकी तिसरा मार्ग नवख्याला सर्वांत सोयीचा असतो, कारण त्यात दोन्ही बाजू आतून बाहेर बोलतात आणि कोणालाही बाहेरून दार ठोठवावे लागत नाही.

घर सापडल्यानंतर उरतो तो वेळेचा प्रश्न, आणि कारागिरीचा कस त्याच ठिकाणी लागतो. निरोपाच्या लहान गठ्ठ्याला पॅकेट म्हणतात, आणि त्याला जाऊन उत्तरासह परतायला लागणाऱ्या वेळेला खेळाडू पिंग म्हणतात. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो, त्यामुळे जळगाव ते मुंबई हे रेल्वेने सुमारे 420 किलोमीटरचे अंतर येऊन-जाऊन जेमतेम 4 मिलिसेकंदांचे आहे. वाटेतील उपकरणे आणि वळणे धरूनही चांगल्या जोडणीवर पिंग दहा-वीसच्या घरात राहतो. जळगाव आणि धुळे यांच्यात शंभर किलोमीटरही अंतर नाही, पण दोन घरांच्या कंपन्या वेगळ्या असल्या, की त्यांची पॅकेट अनेकदा मुंबईपर्यंत जाऊन तिथे एका जाळ्यातून दुसऱ्यात उतरतात आणि मग परत येतात. इतके करूनही खेळाला बाधा येत नाही. ‘माइनक्राफ्ट’चा सर्व्हर आपले जग सेकंदाला 20 वेळा, म्हणजे दर 50 मिलिसेकंदांनी पुढे सरकवतो, आणि त्या हिशेबात मुंबईचा फेरा सहज सामावतो. खेळ बिघडतो तो बहुधा घरातल्या रांगेमुळे.

ही रांग डोळ्यांनी पाहता येते. संगणकावर पिंगची आज्ञा चालू ठेवली, की आकड्यांची ओळ 14, 15, 14 अशी संथपणे उतरत राहते; तेवढ्यात घरातल्या कोणी लग्नाचा व्हिडिओ पाठवायला घेतला, तर तीच ओळ 90, 340, 700 अशी चढत जाते, आणि व्हिडिओ पोचताच पुन्हा 15 वर येते. प्लॅन तोच, तार तीच, पण मोडेमने व्हिडिओची पॅकेट आपल्या साठ्यात भरून घेतलेली असतात आणि खेळाचे इवलेसे पॅकेट त्यांच्या मागे उभे असते. अपलोडचा वेग 10 एमबीपीएस असताना साठ्यात 1 एमबी तुंबले, तर ते ओसरायला 0.8 सेकंद लागतो, आणि तेवढ्यात सर्व्हरवरचे जग सोळा पावले पुढे गेलेले असते. या तुंबण्याला बफरब्लोट असे नाव आहे.

त्यावरचा इलाज धुळे जिल्ह्याला परका वाटू नये. पांझरेच्या खोऱ्यात शतकानुशतके चालत आलेल्या फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी कालव्यातून आणि चाऱ्यांतून शेतांपर्यंत जाते, पण ज्याचे शेत मोठे त्याने हवे तितके ओढून घ्यावे अशी मुभा नसते. पाणी देण्याचे काम पाटकऱ्याकडे असते आणि तो पाळीप्रमाणे प्रत्येकाच्या वाफ्यात पाणी सोडतो. राउटरमधील रांगव्यवस्थापन हेच काम करते. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी 2012 मध्ये मांडलेल्या ‘कोडेल’ या रीतीत रांगेत फार वेळ अडकलेली पॅकेट टाकून देऊन पाठवणाऱ्याला सबुरीचा इशारा दिला जातो, आणि तिच्यावर बेतलेल्या पुढच्या रीतींत प्रत्येक प्रवाहाला स्वतंत्र पाळी मिळते, त्यामुळे व्हिडिओ थोडा सावकाश जातो पण खेळाचे पॅकेट थांबत नाही. ही सोय ओपनडब्ल्यूआरटी या मोफत प्रणालीत आणि काही तयार राउटरांत मिळते. ती लावताना वेगाची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या 85 ते 90 टक्क्यांवर ठेवावी लागते, कारण रांग मोडेमच्या ताब्यात गेली, की राउटरच्या हाती काहीच राहत नाही. हातचा थोडा वेग सोडून वक्तशीरपणा मिळवण्याचा हा व्यवहार नव्या ग्राहकाला घाट्याचा वाटतो, परंतु एका खेळाडूला प्रत्यक्षात 1 एमबीपीएससुद्धा लागत नाही हे लक्षात घेतले, म्हणजे त्यातला फायदा उघड होतो.

बाकीची व्यवस्था घर पाहून करावी. स्लॅबच्या घरात 5 गिगाहर्ट्झचे वायफाय मजला ओलांडताना क्षीण होते, आणि 2.4 गिगाहर्ट्झवर शेजारपाजारच्या राउटरांची गर्दी असते, म्हणून सर्व्हरला तरी कॅट-6 केबल ओढावी. तिची 100 मीटरची मर्यादा कोणत्याही घराला पुरून उरते. मे महिन्यात पारा 45 अंशांपाशी जातो, तेव्हा पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेला राउटर तापून अडखळू लागतो, यास्तव तो खालच्या खोलीत हवेशीर जागी असावा. आणि लाईट गेल्यावरही डाव चालू राहावा यासाठी सर्व्हर इन्व्हर्टरवर आणि राउटर व फायबरचे मोडेम 12 व्होल्टच्या लहान यूपीएसवर ठेवावेत.

यजमानाची जबाबदारी तांत्रिक जोडणीपाशी संपत नाही. उघडलेले पोर्ट मित्रांइतकेच परक्यांनाही दिसते, म्हणून खेळाडूंची ठरावीक यादी लावून बाकी सर्वांना मज्जाव करावा आणि सर्व्हर अद्ययावत ठेवावा. घरच्यांची परीक्षा किंवा ऑफिसची मीटिंग असेल, तर सामन्याची वेळ आधीच बदलावी, कारण पाळीचा नियम घरातल्या माणसांनाही लागू आहे. शिवाय चार शहरांतील मित्रांनी अनेक वर्षे बांधलेली गावे, पूल आणि शेते सर्व्हरवरील एका फोल्डरमध्ये साठलेली असतात, आणि डिस्क बिघडली तर ती एकट्या यजमानाची हानी ठरत नाही. म्हणून त्या फोल्डरची एक प्रत दर आठवड्याला दुसऱ्या शहरातील मित्राकडे आपोआप जाईल असे करून ठेवावे, म्हणजे यजमानाने उद्या घर किंवा गाव बदलले तरी मंडळींना दुसऱ्याच्या घरी तोच डाव पुढे चालवता येईल.