लोखंडी नांगर

लोखंडी नांगर माझ्या आयुष्यात आधी आला, तो बनवणारा माणूस फार उशिरा. लहानपणी तो फक्त आजोबांचा नांगर होता. उन्हाळी नांगरटीला बैल जुंपले की आजोबा मुठीवर भार देऊन चालायचे आणि मागे काळीभोर ढेकळं उलथून पडायची.

कॉलेजात लक्ष्मणराव किर्लोस्करांविषयी वाचलं. चित्रकार व्हायला मुंबईला गेले, तर रंगच नीट ओळखता येईनात. मग यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले. नोकरीत बढतीच्या वेळी डावललं गेलं, तेव्हा ती सोडून बेळगाव गाठलं. 1903 साली लोखंडी नांगर केला, तर लोखंडानं जमिनीत विष भिनतं म्हणून शेतकरी हात लावेनात. नांगर खपू लागला, तोवर कारखान्याची जागाच सोडायची वेळ आली. त्या वयात मला यात एका माणसाची जिद्द तेवढी दिसली.

पुढे मी कोल्हापूरकडच्या एका फाउंड्रीत कामाला लागलो. भंगाराच्या ढिगात कधीमधी जुना नांगर यायचा आणि भट्टीत जायचा. एकदा एका नव्या पोरानं साच्याची वाळू जास्त ओली ठेवली. साचे फोडले, तर अख्खी बॅच ब्लोहोलनं, म्हणजे आत राहिलेल्या पोकळ्यांनी, वाया गेलेली. पोरगा मान खाली घालून उभा. हेडमिस्त्री एवढंच म्हणाले, "उद्यापासून वाळूची ओल तूच बघायची." काही महिन्यांत तो मूठभर वाळू दाबायचा, गोळा मोडून बघायचा आणि पाणी किती ते अचूक सांगायचा.

तेव्हा किर्लोस्करांची गोष्ट मला दुसऱ्या टोकाकडून दिसली. जिद्द लक्ष्मणरावांचीच; पण 1910 साली कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगानं भरलेला माळ औंधच्या राजांनी दिला, म्हणून किर्लोस्करवाडी उभी राहिली. आणि त्याच वाडीत लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रखवालीवर नेमलं. मिळालेली जागा त्यांनी पुढे दिली.

आता माझ्या हाताखाली माणसं आहेत. बैठकांत 'अपयश हीच संधी' म्हटलं की सगळे माना डोलावतात. मी मात्र एकच विचारतो : ज्याच्या हातून काम बिघडलं, त्याला उद्या कोणतं काम दिलंय?