सामान्यनाम आणि विशेषनाम

सामान्यनाम आणि विशेषनाम यांतला फरक विद्यार्थ्यांना समजावून सांगता सांगता माझी वीस वर्षे गेली. 'नदी' हे सामान्यनाम, 'गोदावरी' हे विशेषनाम. झोपेतून उठवून विचारले तरी सांगेन. पण हा फरक मला स्वतःला कळला तो सिडनीच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात, एका घराच्या माळ्यावर गुडघ्यांवर रांगत असताना. प्राध्यापकाला शहाणपण कुठे भेटेल याचा नेम नाही.

झाले असे की, गेल्या जूनमध्ये आमचा दादा गेला. तीस वर्षांपूर्वी तो तिकडे गेला होता आणि तिथलाच झाला होता. मुलगी नोकरीच्या निमित्ताने दूर पर्थला. वहिनी घरात एकट्या. म्हणून कॉलेजातून महिन्याची रजा काढून मी जानेवारीत त्यांच्या सोबतीला गेलो. आपल्याकडे संक्रांतीची थंडी. तिकडे ऐन उन्हाळा. आणि उन्हाळाही साधासुधा नव्हे. त्याच भागातल्या पेनरिथ गावी ४ जानेवारी २०२० रोजी पारा ४८.९ अंशांवर गेला होता.

मी पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी घरातला एअर कंडिशनर बंद पडला.

आपल्याकडे हे यंत्र खोलीच्या भिंतीवर नाहीतर खिडकीत बसते. तिथे साऱ्या घराला मिळून एकच. त्याचे अर्धे अंग अंगणात, अर्धे माळ्यावर. माळ्यावरून हत्तीच्या सोंडेएवढ्या चंदेरी नळ्या निघतात आणि प्रत्येक खोलीच्या छतातल्या झरोक्यातून थंड हवा सोडतात. घरात दिसते ती फक्त भिंतीवरची बटणांची पाटी. त्या पाटीवर आता कसलेसे अक्षर लुकलुकत होते, आणि झरोके मुके झाले होते.

मी मेकॅनिकला फोन लावला. त्याने पहिलाच प्रश्न केला, "मॉडेल नंबर काय?"

मी भिंतीवरच्या पाटीखाली वाकून बघितले आणि ऐटीत नंबर वाचून दाखवला. तो हसला. म्हणाला, "हा त्या बटणांच्या पाटीचा नंबर. मी माणसाचं नाव विचारतोय, तुम्ही त्याच्या घड्याळाची कंपनी सांगताय!"

मग अंगणात गेलो. बाहेरच्या पेटीच्या कुशीला एक चिकटवलेली पट्टी होती. पण पश्चिमेचे ऊन वर्षानुवर्षे खाऊन तिच्यावरची अक्षरे उडून गेली होती. खाली रेघारेघांच्या चौकटीशेजारी तेवढे काही आकडे शाबूत होते. तेच वाचले.

"हा सिरियल नंबर," मेकॅनिक म्हणाला. "हा एकट्या तुमच्याच यंत्राचा. मला मॉडेल हवं. त्या घाटाच्या सगळ्या यंत्रांना कुठला पंखा बसतो, ते मॉडेलवरूनच कळतं. तुमचा बिघाड आतल्या पंख्याचा दिसतोय. आतल्या पेटीची पट्टी वेगळी असते. ती माळ्यावर. मुख्य बटण बंद करा, सकाळी गारव्याच्या वेळी चढा आणि काही उघडू नका, नुसतं वाचा."

फोन ठेवला आणि डोक्यात उजेड पडला. मॉडेल हे सामान्यनाम आणि सिरियल हे विशेषनाम! माझा धडा मला परक्या मुलखातला मेकॅनिक शिकवत होता.

संध्याकाळी शेजारचे गृहस्थ डोकावले. भला माणूस. म्हणाले, "कशाला दुरुस्तीच्या भानगडीत पडता? जुनं झालं. नवं घ्या. अगदी असंच मिळेल."

ते गेल्यावर वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "असंच मिळेल हो भाऊजी. हेच नाही मिळणार."

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी शिडी लावली. खालून वहिनी बजावत होत्या, "तुळयांवरच गुडघे ठेवा हं! मधलं छत नुसतं पातळ पुठ्ठ्यासारखं आहे. हे नेहमी सांगायचे." टॉर्च दातांत धरून मी रांगत निघालो. बाहेर पहाट होती, पण माळ्यावर कालच्या उन्हाची धग अजून मुक्कामाला होती.

पेटी सापडली. तिच्या पट्टीने ऊन कधी पाहिलेच नव्हते. अक्षरे काल छापल्यासारखी. मॉडेल नंबर, सिरियल नंबर, विजेचा दाब, आत भरायच्या वायूचे नाव आर-४१०ए. मॉडेलच्या लांबलचक नंबरात मध्येच १२५ हा आकडा होता. मेकॅनिकने नंतर सांगितले, की बऱ्याच कंपन्या यंत्राची ताकद अशी नावातच गुंफतात. १२५ म्हणजे साडेबारा किलोवॉट. आपल्या भाषेत सुमारे साडेतीन टन. हा टनही मोठा गमतीचा. तो यंत्राच्या वजनाचा नव्हे, बर्फाचा. दोन हजार पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता पिऊन टाकतो, तेवढी ताकद म्हणजे एक टन. बर्फाच्या लाद्यांचा जमाना सरला, माप मागे राहिले.

सगळे उतरवून घेतले आणि परतणार तोच टॉर्चचा झोत पेटीच्या दुसऱ्या अंगावर पडला. तिथे पत्र्यावर काळ्या शाईत, देवनागरीत, दादाचे अक्षर! वर मथळा, 'जाळी धुतली, पाण्याची नळी साफ केली.' खाली सालांची यादी, २०१६ पासून. प्रत्येक सालापुढे ऑक्टोबरातली एक तारीख. हिशेबी माणूस, त्याने साले आधीच थेट २०३० पर्यंत लिहून ठेवली होती. गेल्या सालापुढची जागा मात्र कोरी होती.

मी तिथेच, तुळईवर, किती वेळ बसलो कोण जाणे. खालून हाक आली, "भाऊजी, सापडला का नंबर?"

"सापडला," मी म्हणालो. दोन्ही नंबर सापडले होते. त्या मॉडेलची यंत्रे जगात हजारो असतील. दादाच्या अक्षराचे हे एकच होते.

मॉडेल कळल्यामुळे मेकॅनिक त्याच दुपारी नेमका पंखा घेऊन आला. छतातल्या जाळीवर धुळीची गोधडी साचली होती. ती मी अंगणात नळाखाली धुतली. तासाभरात झरोके बोलू लागले.

यादीची गोष्ट मी वहिनींना सांगितली. त्या आत जाऊन काळे पेन घेऊन आल्या.

"गेल्या सालापुढं काय लिहू?" मी विचारले.

"काही नको. ते कोरंच राहू दे. यंदाच्या सालापुढं आजची तारीख घाला. आणि ऑक्टोबरात मी मेकॅनिककडून करून घेईन. मॉडेल नंबर माझ्या वाणसामानाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून द्या."

मी पुन्हा शिडी चढलो. दादाच्या रेखीव ओळींखाली माझे अक्षर फारच किरटे दिसले.

रात्री आम्ही झरोक्याखाली बसून जेवलो. व्याकरणात नामांचा तिसराही एक प्रकार आहे, भाववाचक. त्याचे उदाहरण म्हणून मी वर्गात इतकी वर्षे 'गोडवा' सांगत आलो. यंदापासून 'गारवा' सांगतो.