कपाटामागची ओल

मैत्रिणींनो, घरी पाहुणी आली की आपण तिला घर कसं दाखवतो, जरा आठवून बघा. "पसारा आहे हं थोडा," असं म्हणत स्वयंपाकघरातली नवी ट्रॉली दाखवतो, खिडकीतली मोगऱ्याची कुंडी दाखवतो, मुलांच्या खोलीचा रंग दाखवतो. पण कपाट सरकवून त्यामागची ओल कुणी दाखवतं का? मीही दाखवत नव्हते. उलट ती झाकली जावी म्हणून ते मोठं कपाट मीच हौसेनं तिथं लावून घेतलं होतं! त्या लपवाछपवीची गोष्ट आज सांगायची आहे. त्यासाठी तुम्हाला माझ्याबरोबर आमच्या खांदेश्वरला यावं लागेल.

हार्बर मार्गावर पनवेलच्या अलीकडचं स्टेशन खांदेश्वर. ज्या देवावरून हे नाव पडलं त्या खांदेश्वराचं देऊळ आणि त्यालगतचा तलाव हे आमच्या भागातलं विसाव्याचं ठिकाण. संध्याकाळी सगळ्या वयाच्या बायका इथं फिरायला येतात. महाशिवरात्रीला तर विचारू नका, नुसती रीघ लागते. सिडकोची स्थापना १९७० सालची. तिनं नवी मुंबई वसवायला घेतली आणि पुढे नवीन पनवेल, खांदा कॉलनी ह्या बाजूच्या वसाहती उभ्या राहिल्या. लग्न होऊन मी इथं आले तेव्हा मला ह्या बिनलिफ्टच्या, तीन-चार मजली इमारती फार आवडल्या. ऐसपैस जिने, खाली कडुनिंब नाहीतर आंबा, आणि हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर शेजारीण.

हल्ली मात्र फिरताना माझी नजर झाडांवर कमी आणि भिंतींवर जास्त असते. चला, तुम्हालाही दाखवते. ती सांडपाण्याची नळी बघा, तिच्या सांध्यातून पिंपळाचं रोप डोकावतंय. दिसायला किती गोजिरवाणं! पण त्याची मुळं भिंतीच्या पोटात शिरतात आणि भेग रुंदावत नेतात. वरून नुसतं छाटलं तर पुढच्या पावसात ते दुप्पट जोमानं फुटतं, ते मुळापासूनच काढावं लागतं. त्या खिडकीवरच्या छज्जाखाली तपकिरी ओघळ दिसतोय ना? ती नुसती घाण नव्हे, आतल्या लोखंडी सळईचा गंज आहे. आणि त्या गॅलरीच्या तळाशी तर सळयाच उघड्या पडल्यात, म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्या दिसाव्यात तशा.

हे सगळं मला आपोआप कळू लागलं असं समजू नका. बी. ए.ला माझा विषय मराठी. सकाळी शाळेत अर्धवेळ शिकवते आणि दुपारी चारला घरी आठ-दहा मुलं शिकवणीला येतात. सिमेंट-सळईशी माझा काय संबंध! संबंध आला तो एका जुलैमधल्या दुपारी. साडेतीन वाजले होते. सतरंजी काढायला मी आतल्या खोलीत गेले आणि बाहेर धाडकन आवाज झाला. येऊन बघते तर हॉलमधलं पीओपीचं छत फाटलेलं, आणि मुलं जिथं मांडी घालून बसतात नेमकं तिथं परातीएवढा काँक्रीटचा ढलपा पडलेला. अर्ध्या तासानं तिथं मुलं असती. मैत्रिणींनो, त्या अर्ध्या तासाचा विचार आजही मनात आला की माझे हातपाय गार पडतात.

सासूबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "भिंत बिचारी किती वर्षं सांगत होती गं. आपणच तिच्या तोंडावर रंग फासत राहिलो."

खरंच होतं ते. आधी छताला बशीएवढा डाग आला होता. एका मिस्त्रीनं सिमेंट थापून वर रंग मारून दिला, दुसऱ्या पावसाळ्यात डाग थाळीएवढा झाला. डागाच्या वर होती वरच्या मजल्यावरच्या काकूंची न्हाणी. मी जाऊन तक्रार केली, त्या म्हणाल्या, "आमच्याकडे तर सगळं कोरडं आहे." शब्दानं शब्द वाढला आणि बोलणंच बंद झालं. पुढे नणंदेचा साखरपुडा ठरला. पाहुण्यांसमोर तो डाग नको, म्हणून आम्ही पीओपीचं छत करून घेतलं. भिंतीवरच्या ओलीसमोर कपाट आलं. डाग दिसेनासा झाला, पण पाणी काही थांबलं नव्हतं.

नंतर सोसायटीनं स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलावले. त्यांनी मला समजावलं ते अगदी सोपं आहे. काँक्रीट आपल्या चुन्यासारखं क्षारधर्मी असतं आणि त्या गुणामुळे आतली सळई गंजत नाही. पण वर्षानुवर्षं हवेतला कर्बवायू आत मुरतो आणि तो गुण कमी होत जातो. त्यात आपल्याकडे खाडीची खारट हवा आणि रायगडचा धो धो पाऊस. पाणी पोचलं की सळई गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा घेतो. मग तो आतून ढकलतो आणि काँक्रीटचा पापुद्रा सुटतो. इंजिनिअरनी ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फथॅलीन शिंपडलं. निरोगी भाग गुलाबी होतो, तसाच राहिला तर ते संरक्षण गेलं असं समजायचं. माझी नववीतली विद्यार्थिनी पटकन म्हणाली, "बाई, हे तर आमच्या प्रयोगशाळेतलं!"

आता तुम्ही म्हणाल, भिंतीला भेग तर प्रत्येक घरात असते, घाबरायचं कधी? तर ऐका. गिलाव्यावरच्या केसासारख्या बारीक, जाळीसारख्या भेगा बहुधा वरवरच्या असतात. खांब आणि विटांची भिंत जिथं मिळतात तिथली सरळ, बारीक रेघही बरेचदा निरुपद्रवी असते, कारण दोन वेगळे पदार्थ उन्हापावसात वेगळे हलतात. पण खांबाच्या कडेनं उभी किंवा बीमच्या तळाशी आडवी, सळईच्या रेषेत जाणारी भेग दिसली, तिच्या कडेला तपकिरी डाग असला, तर दुर्लक्ष नको. भिंतीवर तिरकी, पायऱ्यापायऱ्यांनी चढणारी आणि रुंदावत जाणारी भेग असेल तर पाया खचतोय का ते बघायला हवं.

भेग वाढते की नाही हे कळायला एक साधी युक्ती. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करून तारीख लिहा, आणि मोबाइलवर फोटो काढताना शेजारी मोजपट्टी धरा. महिन्यानं पुन्हा बघा. पोकळ भाग ओळखायचा तर लाकडी दांड्यानं हलकेच ठोका. मडकं विकत घेताना आपण वाजवून बघतो ना, अगदी तसंच. बद्द आवाज आला तर तिथं पापुद्रा सुटलेला आहे. मात्र छत आधीच फुगलेलं किंवा लोंबतं दिसत असेल, तर खाली उभं राहून ठोकत बसू नका, खोली रिकामी करा. दारंसुद्धा बोलतात बरं का! पावसाळ्यात घट्ट बसणारं दार दिवाळीनंतर सैल झालं तर लाकूड फुगलं होतं. पण मे महिन्यातही ते अडतच असेल, तर चौकट का कलली ते विचारा.

नुसतं इमारतीच्या वयावर जाऊ नका. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमधली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून १६ जण गेले, ती जेमतेम दहा वर्षांची होती. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची सिद्धी साई इमारत पडली आणि १७ जीव गेले. तळमजल्यावरच्या फेरफारात खांबांना हात लावल्याचा आरोप तिथं झाला. आणि आमच्याजवळ बेलापूरच्या शाहबाज गावात २७ जुलै २०२४च्या पहाटे एक इमारत पडली. तिथं तिघे दगावले, पण वेळीच सावध होऊन बाहेर पडलेले बरेच रहिवासी वाचले. लक्ष असणं म्हणजे काय, ते ह्यावरून कळतं.

म्हणूनच हॉल मोठा करायचा म्हणून भिंत पाडण्याआधी, एसीच्या नळीसाठी बीमला भोक पाडण्याआधी इंजिनिअरला विचाराच. जुन्या लाद्यांवर नव्या लाद्या बसवण्याची पद्धत तर फारच सोयीची वाटते, पण दहा बाय दहाच्या खोलीत दोन इंचांचा थर वाढला की स्लॅबवर जवळजवळ एक टन ओझं चढतं. आपल्या पाठीवर कुणी असं ओझं ठेवलं तर आपण गप्प बसू का?

ही जबाबदारी एकट्या घराची नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची तपासणी, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांवरच्या इमारतीची दर तीन वर्षांनी करायची असते. गच्ची, बाहेरच्या भिंती, जिना, सामाईक नळ्या ह्यांची दुरुस्ती सोसायटीची. घरातल्या न्हाणी-संडासाची गळती ज्याच्या त्याच्या खर्चानं. धोका कितपत आहे ते ठरवून इमारतीला श्रेणी देतात. सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे राहत्या घरी दुरुस्ती, आणि सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. आमची निघाली सी-२बी. तो कागद हातात आला तेव्हा दहावीचा निकाल लागल्यासारखं हायसं वाटलं.

पण सोसायटीच्या सभेत नवाच सूर निघाला. "आता विमानतळ झालाय, पुनर्विकास होणारच. मग दुरुस्तीवर पैसा कशाला घालवायचा?" कधी नव्हे ते मी उठून उभी राहिले. म्हटलं, "पुनर्विकास होईल तेव्हा होईल, तोपर्यंत ह्याच छताखाली आपली मुलं झोपणार आहेत." पुढच्या बाकावरच्या वरच्या काकूंनी पहिल्यांदाच मागे वळून माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी जिना चढले. एकवीस पायऱ्या, पण दोन वर्षांत चढले नव्हते. काकूंना म्हटलं, भांडायला नाही आले, एक प्रयोग करू या. न्हाणीच्या तोंडाला बोळा कोंबला, जमिनीवर दोन बोटं पाणी साठवलं आणि त्यात लाल रंग कालवला. चोवीस तासांनी काकू स्वतः आमच्याकडे खाली आल्या. छताच्या उघड्या सळईवरून गुलाबी थेंब ओघळत होता. काकू कितीतरी वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मला वाटायचं, तू उगाच कटकट करतेस." मीही कबूल केलं की नळी दिसायला बरी नाही म्हणून आम्ही ती पीओपीनं बुजवली होती, त्यामुळे प्लंबरलाही काही दिसलं नसतं. दोघींच्याही माथी थोडं थोडं होतंच.

दुरुस्तीचा क्रम लक्षात ठेवा, कारण मिस्त्री घाई करतात. आधी पाणी थांबवायचं, म्हणजे वरची न्हाणी उखडून वॉटरप्रूफिंग करून, पुन्हा पाणी साठवून तपासायचं. मग खाली टेकू लावून सुटलेलं काँक्रीट सळईच्या मागपर्यंत काढायचं. गंज खरवडून सळई स्वच्छ करायची, फारच झिजली असेल तर इंजिनिअर सांगतील तशी नवी जोडायची. त्यावर गंजरोधक लेप, मग जुन्या-नव्याची पकड बसवणारा लेप, मग पॉलिमर मॉर्टर. वर सांगतील तितके दिवस पाणी मारायचं. रंगाची पाळी सगळ्यात शेवटी. आमच्या मिस्त्रीनं नेमकी तिथूनच सुरुवात केली होती!

काकूंची न्हाणी बंद होती ते आठ दिवस त्यांच्या घरची सगळी आमच्याकडे अंघोळीला येत. सकाळी मोठीच गडबड उडायची, पण काकू येताना रोज काहीतरी घेऊन यायच्या, कधी थालीपीठ, कधी आंबोळ्या. सासूबाईंना बोलायला माणूस मिळालं. पीओपी आम्ही पुन्हा केलं नाही. छत साधंच आहे, जोड दिलेला भाग थोडा वेगळा दिसतो. शिकवणीची मुलं आता त्याच्या खाली बसतात, आणि मी निर्धास्तपणे शुद्धलेखन घालते.

तर मैत्रिणींनो, वर्षातून तीनदा घराकडे ह्या नजरेनं बघायचं ठरवा. मे महिन्यात पाऊस यायच्या आधी, श्रावणात भिंती पुरत्या भिजल्यावर, आणि दिवाळीच्या साफसफाईत जळमटं काढताना. घर आपल्याइतकं जवळून दुसरं कोण बघतं? ह्या रविवारी घरातल्या कुणाला तरी हाताशी घ्या आणि ते मोठं कपाट पुढे ओढा. मागे कोरडं असेल तर आनंदच आहे. ओल दिसलीच, तर कपाट परत जागेवर ढकलू नका.